कागदाची मागची बाजू

लामझिराला आयुष्यातली पहिली नोकरी लागली ती झोपण्याची. डॉक्टर व्हायचं म्हणून ती एकोणसत्तर साली डोंगरातल्या स्वानेतीहून राजधानीत, तिबिलिसीला आली आणि प्रवेश परीक्षेत दोनदा आपटली. आता कुठल्या तोंडाने घरी जायचं, म्हणून मेंदूवर संशोधन करणाऱ्या एका संस्थेत ती मदतनीस म्हणून चिकटली. तिथे तोवर मांजरांच्या झोपेचा अभ्यास चाले. मग प्रोफेसरांना माणसांची झोप हवीशी झाली. डोक्याला तारा चिकटवून परक्यांसमोर झोपायला कोण तयार होणार? लामझिरा झाली. तेवीस वर्षांची होती, पाठ टेकली की झोपायची. प्रोफेसर म्हणायचे, "ही तारा लावता लावताच घोरायला लागते. हिला पगार द्यायचा की हिच्याकडून खोलीचं भाडं घ्यायचं?"

तिथेच ती यंत्र चालवायला शिकली. यंत्र हंगेरीहून आलेलं, कपाटाएवढं, सोळा लेखण्यांचं. कवटीवरच्या तारांतून मेंदूतली वीज यायची आणि लेखण्या ती सरकत्या कागदावर उतरवायच्या. जाग्या माणसाच्या रेघा बारीक आणि घाईच्या. डोळा लागला की त्या सैल पडतात, आणि मग मधूनच एखादी रेघ सेकंदभर दाट थरथरते, कडांना बारीक, मध्ये जाड. लोकर गुंडाळलेल्या चातीचा आकार. सगळे त्यांना चात्याच म्हणत. आईच्या शेजारी बसून लोकर कातलेल्या लामझिराला त्या ओळखायला कुणी शिकवावं लागलं नाही.

प्रोफेसर नव्या पोरांना सांगायचे, "झोप म्हणजे दिवा मालवणं नव्हे. झोप हे मेंदूचं कामच आहे, आणि तो ते मेहनतीने करतो. आत खोलवर अक्रोडाएवढे दोन गोळे आहेत. ते आणि वरची साल एकमेकांशी ताल धरतात तेव्हा चाती उमटते. जागेपणसुद्धा याच दोघांच्या बोलण्यातून येत असावं. कसं येतं ते विचारू नका, मला ठाऊक असतं तर मी तुम्हाला शिकवत बसलो नसतो." बेशुद्ध माणूस झोपल्यासारखा दिसतो, पण तो झोपलेला नसतो, त्याला झोपही जमत नसते, असंही ते सांगत. म्हणून बेशुद्ध माणसाच्या कागदावर चाती दिसली तर जपा, म्हणत. ज्याच्या मेंदूला झोपता येतं, त्याला जागं होता येण्याची आशा असते. लामझिरा पुढे पुष्कळ गोष्टी विसरली, ही विसरली नाही.

ऐंशीच्या सुमारास यंत्र शहरातल्या एका रुग्णालयात गेलं आणि यंत्राच्या मागोमाग लामझिराही गेली. लग्न झालं, मुलगा झाला, नवरा वारला. हे सगळं एका वाक्यात उरकल्याबद्दल ती माझ्यावर रागावली नसती, तीही असंच सांगायची.

चौऱ्याण्णवच्या जानेवारीत शहरात दिवसाला दोन तास वीज येत होती, तीही लहर लागली तर. रुग्णालयाच्या खिडक्यांना काचांच्या जागी प्लास्टिक ठोकलेलं. वॉर्डात सहा अंश. लामझिराचा मुलगा कामासाठी मॉस्कोला गेलेला, चार महिने त्याची खबर नाही. जिने झोपून पगार घेतला तिची झोपच उडाली होती. पहाटेपर्यंत ती छताकडे बघत पडायची, आणि मेंदूत काय चाललं असेल हे ठाऊक असल्याने तिला अधिकच धास्ती वाटायची.

यंत्राचा कागद तर केव्हाच संपला होता. मिनिटाला पावणेदोन मीटर खाणारं यंत्र ते, त्याला पुरवायचं कुठून? मग लामझिराने जुन्या संस्थेच्या तळघरातले गठ्ठे उकरून काढले. वीस-बावीस वर्षांपूर्वीच्या झोपेचे आलेख, एका बाजूने भरलेले, दुसऱ्या बाजूने कोरे. ते उलटे करून यंत्रात घालायचे. शाईसुद्धा पुरत नव्हती, आणि थंडीत लेखण्यांत थिजायची, म्हणून तिच्यात थोडी चाचा ओतायची, द्राक्षांची घरगुती दारू. वॉर्डातले लोक म्हणत, आमच्यापेक्षा तुझ्या यंत्राची चैन आहे. रेघा फिकट यायच्या, पण यायच्या. कागद दिव्यासमोर धरला की दिसायच्या.

नानुलीला आणलं ते त्याच दिवसांत. एकतीस वर्षांची, बालवाडीत पियानो वाजवणारी. खोलीत लोखंडी शेगडी पेटवून निजली, धुराड्याचा सांधा सुटला, धूर खोलीत कोंडला. शेजाऱ्यांनी दार फोडलं तेव्हा श्वास चालू होता, बाकी काही नाही. तिची आई बाबुत्सा काखेती प्रांतातल्या गावाहून जी आली ती खाटेपाशी बसली ती बसलीच. डॉक्टर रेवाझ पहिल्या दिवशी म्हणाले होते, तिच्याशी बोलत राहा. बाबुत्साने ते औषधासारखं घेतलं. दिवसभर लेकीचे हात चोळायची, गालावर थापट्या मारायची, आणि बोलायची. तिकडच्या सगळ्याच आया मारतात तशी लेकीला 'आई' म्हणून हाक मारायची. "उठ गं आई. तुझ्यावरून जीव ओवाळून टाकते, उठ. कोंबडीने अंडी घालणं सोडलंय. शेजारची मार्गो तुझी लाल शाल मागत होती, दिली नाही मी."

अकराव्या दिवशी डॉक्टर रेवाझनी तिला बाजूला घेतलं. इथे थंडीने फुप्फुसं धरतील, गावी निदान चूल आहे, माणसं आहेत. घरी न्या. घरी न्या याचा अर्थ बाबुत्साला कळला. गावी सलाइन नव्हतं, घशातला कफ ओढायचं यंत्र नव्हतं. घरी न्यायचं ते कशासाठी, हे उघडच होतं. तिचा मुलगा जुम्बर गुरुवारी गाडी घेऊन येणार असं ठरलं.

बुधवारी दुपारी, जायच्या आधी एकदा म्हणून, लामझिराने नानुलीचा आलेख काढला. वीज तासाभरात गेली. संध्याकाळी तिने रॉकेलचा दिवा जवळ घेतला, एकेक पान ज्योतीसमोर धरलं आणि एका पानाशी थांबली. चाती. दोन पानांनंतर आणखी एक. सगळ्या मिळून अकरा मोजल्या.

डॉक्टर रेवाझ घरी गेले होते. सकाळपर्यंत थांबायला हवं होतं. लामझिरा काही घाईने बोलणारी बाई नव्हे, पोळलेल्या जिभेवरसुद्धा फुंकर मारून बोलणारी. पण बाबुत्सा वॉर्डाबाहेरच्या बोळात भिंतीला टेकून उभी होती, तिने वर पाहिलं, आणि लामझिराच्या तोंडून निघून गेलं.

"मावशी, ती झोपते. तिच्या मेंदूला झोप येते. ज्याला झोपता येतं तो उठू शकतो."

बाबुत्साने तिचे दोन्ही हात धरले आणि कपाळाला लावले.

सकाळी डॉक्टरांना दाखवायची पानं कापायला म्हणून लामझिराने आलेख खिडकीजवळच्या टेबलावर पसरला. बर्फाचा उजेड होता, स्वच्छ. चात्या नव्हत्या. पान चुकलं असेल म्हणून तिने पुढचं पाहिलं, मागचं पाहिलं. लांब, संथ, गळाठलेल्या लाटा, दुसरं काही नाही. तिने पान उचलून खिडकीच्या उजेडासमोर धरलं. चात्या आल्या. खाली ठेवलं, गेल्या.

तिने एकेक पान उलटलं. मागच्या बाजूला जुन्या, दाट शाईत अकराच्या अकरा चात्या होत्या. कोपऱ्यात तारीख होती, एकाहत्तर सालच्या नोव्हेंबरातली, आणि झोपलेल्या माणसाच्या नावाची अक्षरं. ती तिचीच होती.

लामझिरा खुर्चीत बसली. वर्षभर ती हे कागद उलटे घालत होती आणि मागच्या रेघा पुढे उमटतात हे तिला ठाऊक होतं. सराईत माणसाला त्या वेगळ्या ओळखता येतात असं तिनेच डॉक्टरांना छातीठोकपणे सांगितलं होतं.

बाहेर बोळात आवाज चढले होते, ती पानं घेऊन निघाली. जुम्बर आला होता. उंचापुरा, रापलेला, टोपी हातात चुरगाळत आईसमोर उभा.

"नेणार नाही म्हणजे?" तो म्हणत होता. "आई, गाडी शेजाऱ्याची, पेट्रोल मामाचं, आणि हट्ट तेवढा तुझा. चारपर्यंत निघालो नाही तर घाट अंधारात ओलांडता येणार नाही. परत गाडी कोण देणार मला?"

"ती झोपते," बाबुत्सा म्हणाली. "झोपणारी उठते. त्या यंत्रवाल्या बाईने सांगितलंय. तू काय तिच्याहून शहाणा?"

लामझिरा कोपऱ्यावरूनच मागे वळली आणि डॉक्टर रेवाझच्या खोलीत गेली. साठीचे गृहस्थ, अंगात ओव्हरकोट, ओव्हरकोटावर पांढरा डगला. तिने अकरा चात्यांचं सांगितलं, त्यांनी पानं एकेक करून उजेडात धरली, खाली ठेवली, परत धरली.

"अकराही तुमच्या?"

"माझ्याच, रेवाझसाहेब."

"आईला सांगितलंत?"

"काल. तुमची वाट न बघता."

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. ते उठले, कपाटाच्या तळाशी हात घातला आणि एक बांधलेलं पुडकं टेबलावर ठेवलं. कोरा कागद, दोन्ही बाजूंनी कोरा.

"हे कशासाठी ठेवलं होतं माहीत आहे, लामझिराबाई? एखादा माणूस मेला की नाही हे ठरवायची वेळ आली, तर तेव्हा तरी कागद स्वच्छ असावा म्हणून. घ्या. दोन वाजता वीज येईल. परत काढा."

"आणि तिच्या आईला?"

"ते तुमचं काम. बोललात तुम्ही."

दोन वाजता वीज आली नाही. नानुलीची खाट ढकलत यंत्राच्या खोलीत आणून ठेवली होती. लामझिराने काखेत हात धरून बोटं गरम केली, केसांत भांग पाडून एकेक तार चिकटवली. बाबुत्सा पलीकडे स्टुलावर बसून लेकीचा हात चोळत होती. सव्वादोन झाले. जुम्बर खाली गाडीत बसून होता, इंजिन गोठू नये म्हणून मधूनमधून चालू करत होता. प्रत्येक वेळी तो आवाज आला की लामझिरा छताच्या दिव्याकडे बघायची.

चात्या नाहीतच असं निघालं तर? मग बाबुत्साने दिवस उगाच घालवला. आणि असल्या, पण चारनंतर निघाल्या तर? तर गाडी घाटात असेल, आणि सलाइनची बाटली इथे. अडीच वाजता तिला राहवेना.

"मावशी," ती म्हणाली, "काल मी चुकले."

बाबुत्साचा हात थांबला नाही. लामझिराने सगळं सांगितलं, कागद, शाई, दिवा. स्वतःला पाठीशी घालायला म्हणून एक शब्द घातला नाही, एवढं तिच्या बाजूने बोलायला हवं.

"मग काल पाहिलीस ती झोप कुणाची होती?"

"माझी."

"तुझी?"

"तेवीस वर्षांची असताना. झोपायचा पगार मिळायचा मला."

बाबुत्साने तिच्या चेहऱ्याकडे, डोळ्यांखालच्या काळ्या वर्तुळांकडे नीट पाहिलं. "चांगली झोपायचीस म्हणजे."

"खूप."

"आणि आता?"

"आता नाही लागत."

"मग देऊन टाक की हिला. तुझ्याकडे तरी नुसती पडूनच आहे." ती हसत नव्हती. मग लेकीच्या नखांकडे बघत म्हणाली, "तीन दिवस घास उतरत नव्हता माझ्या. काल रात्री तुझ्या शब्दावर भाकर खाल्ली मी. अख्खी."

जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं लामझिराला झालं. तिने उगीचच एक तार तपासली, मग दुसरी.

तीन वाजून दहा मिनिटांनी छताचा दिवा लुकलुकला. यंत्राने घरघर केली, सोळा लेखण्या थरथरल्या. लामझिराने कोरा कागद लावला, कडा हाताने दाबून सरळ केली, बटण दाबलं.

लाटा. कालच्यासारख्याच लांब आणि थकलेल्या. पाच मिनिटं, दहा मिनिटं. कागद तिच्या पायाशी घडीवर घडी पडत साचत होता. बाबुत्साचं बोलणं चालूच होतं, आता जरा चढ्या आवाजात, जणू यंत्रालाही ऐकवत होती. "उठ गं आई. भाऊ खाली गारठतोय. त्याचा स्वभाव तुला ठाऊक आहे, वर्षभर ऐकवेल." थाप, थाप, गालावर.

प्रत्येक थापेबरोबर रेघांना बारीकसा हिसका बसत होता. लामझिराच्या ते पाचव्यांदा लक्षात आलं, आणि मग तिने मागचे दिवस मोजले. अकरा दिवस. पहाटेपासून मध्यरात्रीपर्यंत कुणी ना कुणी या मुलीला हलवतंय, चोळतंय, हाका मारतंय. जागं करायच्या नादात हिला एक डुलकी तरी काढू दिलीय का कुणी? बोलत राहा असं सांगणाऱ्या डॉक्टरला झोपेचं सुचलं नाही, आणि जिला सुचायला हवं होतं ती लामझिराही रोज खाटेपाशी आली आणि ऐकू येतं का ते बघायला कानाशी टाळी वाजवून गेली.

"मावशी, गप्प बसा जरा."

"काय?"

"बोलू नका. हात सोडा तिचा."

"डॉक्टरच म्हणाले होते बोल म्हणून."

"म्हणाले होते. थोडा वेळ नका बोलू."

"मी गप्प बसले तर तिला वाटेल मी गेले," बाबुत्सा म्हणाली. "पोरी, तू काल एक सांगितलंस, आज दुसरं. आता म्हणतेस हात सोड. तुझं कितीदा ऐकायचं मी?"

लामझिरा म्हणाली, "एकदाच. शेवटचं."

बाबुत्साने लेकीचा हात गोधडीवर ठेवला. ठेवला म्हणजे कसा, वितभर अंतरावर स्वतःचा हात तसाच तरंगत ठेवून. मग तोही मांडीवर घेतला आणि दुसऱ्या हाताने घट्ट धरून ठेवला. खोलीत फक्त लेखण्यांची खसखस उरली.

साडेतीन. घड्याळाकडे बघायचं नाही असं ठरवून लामझिरा दर मिनिटाला बघत होती. पावणेचार. रेघा किंचित शांत झाल्या होत्या का, की तिला तसं हवं होतं म्हणून वाटत होतं? काल डोळ्यांनी फसवलं होतं, आज ती डोळ्यांवर विश्वास ठेवायला तयार नव्हती. डॉक्टर रेवाझ दारात येऊन उभे राहिले आणि आत यायचं धाडस न झाल्यासारखे तिथेच राहिले.

चारला सात मिनिटं कमी असताना तिसरी लेखणी थरथरली. बारीक, जाड, बारीक. सेकंदभर, तेवढंच. अर्ध्या मिनिटाने पुन्हा, आणि या वेळी चौथीही तिच्याबरोबर.

तिने खाली वाकून सरकता कागद दोन बोटांत धरला आणि उलटून पाहिला. मागे काही नव्हतं. पांढरा कागद होता.

डॉक्टर तिच्या खांद्यावरून वाकले. तिने बोट दाखवलं नाही, त्यांनाच शोधू दिलं. त्यांनी शोधलं. त्यांनी मान हलवली आणि ओठांवर बोट ठेवलं, कारण बाबुत्सा उठून उभी राहिली होती आणि दोघांच्या तोंडांकडे आळीपाळीने बघत होती.

"उठेल?" तिने ओठांनीच विचारलं.

लामझिराला हो म्हणायचं होतं. जिभेवर आलं होतं. "झोपलीये," ती कुजबुजली. "आज एवढंच सांगते, मावशी. ही झोप तिची आहे."

"मग उठवू?"

"नको. झोपू दे."

बाबुत्सा लेकीकडे बघत राहिली. अकरा दिवस जिला उठ उठ म्हटलं, तिच्या अंगावरची गोधडी तिने हलक्या हाताने गळ्यापर्यंत ओढली. तेवढ्यात खाली अंगणात हॉर्न वाजला. चार वाजले होते. जुम्बर थांबेचना, एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा लांबलचक.

लेखण्या दचकल्या. बाबुत्सा बुटांचे खिळे वाजू नयेत म्हणून पायातले बूट तिथेच काढून, नुसत्या मोज्यांवर दारातून बाहेर पडली. चार मजले ती कशी उतरली देव जाणे. प्लास्टिकच्या खिडकीतून लामझिराला अंगणातलं दिसत नव्हतं, ऐकू मात्र स्पष्ट येत होतं.

"बंद कर तो भोंगा, मेल्या," बाबुत्सा तिच्या मते दबक्या आवाजात लेकावर खेकसत होती. "पोरगी झोपलीये वर."